पोतं जमिनीवर का आहे, ते आधी विचारा

वाचकाचं पत्र

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. तूर, हरभरा, उडीद येतो. गाडी खाली करणं, थप्पी लावणं, तयार डाळीचे कट्टे भरणं, शिवणं आणि परत गाडीत चढवणं ही कामं चौदा हमाल करतात. झाडलोट आणि चुनी-भुसा उचलणं सहा बायकांकडे आहे. गेल्या वर्षी दोघांची कंबर धरली. त्यातला एक काम सोडून गावी गेला. म्हणून मालकांनी दिवाळीनंतर बाहेरून ट्रेनर बोलावला. त्यांनी दोन तास प्रोजेक्टरवर दाखवलं, गुडघ्यात वाकून रिकामं खोकं उचलायला लावलं आणि प्रत्येकाला कमरेचा पट्टा दिला. आज चार महिने झाले. पट्टे खुंटीला लटकलेत, गुडघ्यात कोणी वाकत नाही. टोकलं तर म्हणतात, "आमले काय शिकाडतस?" मालकांचं म्हणणं, जो पट्टा लावणार नाही त्याचे रोजचे पन्नास रुपये कापा. त्यात आमचे सगळ्यात जुने हमाल, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, वय बावन्न, त्यांच्या डाव्या पायाला महिन्यापासून मुंग्या येतात असं त्यांच्या मुलाकडून कळलं. मी विचारलं तर "माले काही व्हयेल नही" म्हणून उठून गेले. मुलगा एमआरआय काढायचं म्हणतोय. ह्या लोकांना कसं समजवू?

– एक सुपरवायझर, जळगाव

उत्तर

नमस्कार भाऊ,

आधी आप्पांचं बघू. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल.

कमरेतून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत उतरणाऱ्या मुंग्या म्हणजे बहुतेक वेळा कमरेच्या खालच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाब आलेला असतो. आज काम सुटताना आप्पांना बाजूला घ्या, चारचौघांत नको. त्यांना दहा पावलं टाचांवर आणि दहा पावलं चवड्यांवर चालायला सांगा. डावं पाऊल लटकत असेल, टाचेवर किंवा चवड्यावर शरीर पेलत नसेल, तर उद्याच डॉक्टरकडे न्या. आणखी एक गोष्ट विचारायला संकोच वाटेल, तरी विचाराच. लघवी अडकते का, न कळत होते का, शौचावरचा ताबा सुटलाय का, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय का? यातलं एकही "हो" आलं तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाच्या रुग्णालयात गाठा. अशा वेळी ऑपरेशन तातडीचं असतं आणि उशीर झाला तर गेलेला ताबा पुष्कळदा परत येत नाही. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, हे असेल तरीही घरी थांबू नका.

यातलं काहीच नसेल, तर मुलाला सांगा की डॉक्टरांनी तपासल्याशिवाय एमआरआयला पैसे घालू नको. काहीच दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय एकत्र करून पाहिले, तर पन्नाशीतल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या गादीला फुगवटा दिसतो. अहवालात "फुगवटा" वाचून माणूस घाबरतो, खाटेवर पडून राहतो आणि पाठ आणखी आखडते. नसेचं असलं दुखणं बहुतेकांचं दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं. सक्तीची विश्रांती दोन दिवसांपेक्षा जास्त नको. थोडं थोडं चालणं, बसण्याची जागा बदलत राहणं, दुखणं वाढवणारं ओझं टाळणं, एवढं सुरुवातीला पुरतं.

आपल्याकडे कंबरेत चमक भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. आप्पांची श्रद्धा असेल तर पाय टेकवून घेऊ द्या, पण लाथ मारून घेणं किंवा कंबर पिळून कडकन मोडून घेणं मात्र नको. पायाला मुंग्या असताना असा झटका धोक्याचा आहे.

आप्पा "माले काही व्हयेल नही" का म्हणतात, हे तुम्हाला कळलंय असं पत्रावरून वाटलं नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. ते म्हणाले, पाय दुखतो, की तुम्ही म्हणणार, घरी बसा. घरी बसले की हजेरी गेली. पंचवीस-तीस वर्षं ज्याने पाठीवर घर चालवलं, तो हजेरी आणि पाय यांत हजेरीच धरणार. तुम्ही त्यांना आधी हमी द्या: दीड महिना वजनकाट्यावर, शिलाईवर किंवा गाडी मोजायला बसा, रोज तोच मिळेल. मालकांकडून हे कबूल करून घेतल्याशिवाय त्यांच्याशी बोलू नका. ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड आहे का तेही बघा. असेल तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते आणि कामावर झालेली इजा ठरली तर ९० टक्के. कार्ड नसेल तर का नाही, हा प्रश्न मालकांना विचारायचाच आहे. तुमच्या मिलमध्ये वीस माणसं हातात आहेत, दोन-तीन नाहीत.

आता दंडाचं. तो करू नका.

कायद्यानेही तो टिकणार नाही. मजुरीतून दंड कापायला १९३६ च्या वेतन कायद्यापासूनच अटी आहेत आणि २०१९ च्या वेतन संहितेतही त्या कायम राहिल्या. कोणत्या चुकीला दंड ते आधी जाहीर केलेलं हवं, कामगाराचं म्हणणं ऐकलेलं हवं आणि एकूण दंड त्या मुदतीच्या मजुरीच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. सहाशे रोजावर सव्वीस दिवसांचे पंधरा हजार सहाशे होतात, त्याचे ३ टक्के म्हणजे ४६८ रुपये. रोजचे पन्नास कापले तर महिन्याला तेराशे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या पट्ट्यासाठी हा दंड आहे त्या पट्ट्याने पाठ वाचते याचा धड पुरावा नाही. अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था १९९४ पासून सांगतेय की निरोगी कामगाराची पाठ वाचवायला पट्ट्यावर विसंबू नका. २००० साली तिथे दुकानांत माल उचलणाऱ्या हजारो कामगारांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. पट्टा लावणाऱ्यांत आणि न लावणाऱ्यांत कंबरदुखीचा फरक सापडला नाही. एप्रिलच्या जळगावात कमरेला रबराचा रुंद पट्टा आवळून तूर उतरवायला लावणं म्हणजे घामोळं आणि वैताग. तो खुंटीला टांगला यात हमालांची चूक मला दिसत नाही. ज्याला लावून बरं वाटतं त्याने लावावा.

आणि ट्रेनिंग. ट्रेनर मन लावून शिकवून गेले असतील, त्यांच्या हेतूवर माझं काही म्हणणं नाही. पण त्यांनी शिकवलं रिकाम्या खोक्यावर. खोकं दोन गुडघ्यांच्या मध्ये येतं, त्याला कडा असतात, हात धरायला जागा असते. तुरीचं भरलेलं पोतं गुडघ्यांच्या मध्ये मावतं का? मावत नाही. ते गुडघ्यांच्या पुढे राहतं, म्हणजे कमरेपासून आणखी लांब जातं. हमाल गुडघ्यात वाकून पोतं उचलत नाहीत, कारण पोतं तसं उचललं तर जास्त जड लागतं. त्यांचं शरीर त्यांना खरं सांगतंय.

लांब गेलं म्हणजे काय होतं, त्याचा हिशेब सांगतो, कारण मालकांना हिशेब पटतो. पाठीचे स्नायू मणक्याच्या अगदी लगत असतात. त्यांना पकड मिळते ती साधारण ५ सेंटिमीटरची, म्हणजे मणक्यापासून तेवढ्याच अंतरावरून ते ओढतात. ५० किलोचं पोतं मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरलं, तर ते अंतर त्या पकडीच्या आठपट झालं. म्हणजे स्नायूंना ४०० किलोच्या तोडीची ओढ द्यावी लागते आणि तेवढा दाब कमरेच्या खालच्या गादीवर येतो. वाकलेल्या धडाचं वजन त्यात धरलेलं नाही. तेच पोतं अंगाला चिकटवून २० सेंटिमीटरवर आणलं तर ओढ निम्मी, २०० किलो. पाठीवर किंवा खांद्यावर नीट बसलेलं पोतं तर मणक्याच्या जवळजवळ वरच येतं. म्हणून पाठीवर घेऊन चालणं दिसायला भयंकर असलं तरी त्या सगळ्या प्रवासातला तो सर्वांत वाईट क्षण नसतो. सर्वांत वाईट क्षण जमिनीवरून उचलतानाचा आणि त्याहून वाईट, उचलून कमरेत वळत फेकतानाचा.

नायोशचं उचलण्याचं एक सूत्र आहे. त्यात सगळं आदर्श असेल, म्हणजे वस्तू अंगाजवळ, हात खाली सोडले की पोचेल एवढ्या उंचीवर, न वळता, अधूनमधून आणि पकड चांगली, तर दोन हातांनी उचलायचं वजन २३ किलो धरलंय. वस्तू खाली गेली, लांब गेली, वळावं लागलं, घाईघाईने लागोपाठ उचलावं लागलं, की तो आकडा २३ वरून उतरत जातो. म्हणजे एकट्याने ५० किलोचं पोतं जमिनीवरून उचलायची सुरक्षित पद्धत ह्या सूत्रात बसतच नाही. जी पद्धतच नाही ती शिकवणार काय? उचलण्याच्या ट्रेनिंगवर जगभर झालेले अभ्यास २०११ साली कोक्रेन या नावाजलेल्या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले, तेव्हाही हेच निघालं: नुसत्या ट्रेनिंगने कंबरदुखी टळते असा पुरावा नाही. तुमच्याकडे चार महिन्यांत जे झालं ते जगात सगळीकडे झालंय.

तेव्हा तुमचा प्रश्न मी जरा फिरवतो. हमालांना कसं समजवू, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणतो, पोतं जमिनीवर का आहे, ते आधी विचारा. त्यासाठी एक दिवस वही घेऊन उभे राहा. सगळी मिल बघू नका, एकच पोतं धरा आणि गाडीतून उतरल्यापासून डाळ होऊन परत गाडीत चढेपर्यंत त्याच्या मागे फिरा. जिथे जिथे माणसाचा हात गुडघ्याच्या खाली गेला तिथे खूण, जिथे खांद्याच्या वर गेला तिथे खूण, जिथे कंबर वळली तिथे खूण.

माझा अंदाज सांगतो. गाडी खाली करताना खुणा कमी पडतील. फाळका उघडला की गाडीचं तळ हमालाच्या खांद्याच्या आसपास असतं. वरचे दोघे पोतं कडेला सरकवून देतात, खालचा पाठ लावतो. ही पद्धत हमालांनी पिढ्यान् पिढ्या घासून काढलेली आहे, तिला हात लावू नका. तुमचा कच्चा माल ओतायचा खड्डा जमिनीच्या पातळीत लोखंडी जाळीखाली असेल तर तिथेही पोतं आडवं करून तोंड सोडलं की काम भागतं. खुणा पडतील त्या काट्यावर आणि शिलाईवर. डाळ नळीतून कट्ट्यात पडते, कट्टा जमिनीवर. भरला की ओढत काट्यावर चढवायचा, काट्याचा पाट जमिनीपासून वीतभर वर. वजन कमी-जास्त केलं की परत खाली. मग शिलाई, वाकून. मग थप्पीच्या तळाला टाकायला परत उचल. म्हणजे एकाच कट्ट्याला जमिनीवरून तीन-तीनदा उचल. दिवसभरात किती कट्टे निघतात ते तुम्हाला माहीतच आहे, गुणाकार तुम्हीच करा.

यातली निम्मी उचल गवंडी आणि वेल्डर दोन दिवसांत घालवू शकतात. काटा खड्डा करून जमिनीच्या पातळीत बसवा किंवा उलट करा, काटाच नळीच्या बरोबर खाली मांडा, म्हणजे कट्टा काट्यावरच भरेल. त्या काट्याखाली मांडीच्या उंचीचा मजबूत लोखंडी ओटा केला, तर भरलेला कट्टा जन्मतःच कमरेजवळ असेल. शिवणारा उभ्याने शिवेल, नेणारा नुसती पाठ लावेल. थप्पीखाली एकाऐवजी दोन पॅलेट (लाकडी फळ्यांचे पाट) एकावर एक ठेवले तर तळाचा थर जमिनीवरून वर येतो आणि ओलही लागत नाही. सपाट फरशीवर हाताने ओढायचा पॅलेट ट्रक काही हजारांत मिळतो. दोन चाकांची उभी हातगाडी त्याहून स्वस्त. थप्पी छातीच्या वर हाताने चढवायची नाही. चढवायचीच असेल तर उतरता-चढता पट्ट्याचा कन्व्हेअर भाड्यानेही मिळतो का ते पाहा.

फरशीचं वेगळं सांगतो, कारण हे कुठल्याच प्रोजेक्टरवर दाखवत नाहीत. गाडी खाली होताना हरभऱ्याचे दाणे सांडतात. सिमेंटच्या गुळगुळीत फरशीवर, चढ-उताराच्या फळीवर, हे दाणे पायाखाली छर्र्यांसारखे फिरतात. पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाला आपले पाय दिसत नाहीत. तो घसरतो तेव्हा पडत नाही, तो पोतं सावरायला जातो, आणि त्या एका हिसक्यात जे व्हायचं ते होतं. दर गाडीच्या मध्ये एकदा झाडू फिरवायचाच, फळीवर आडव्या पट्ट्या ठोकायच्या आणि एक नियम सगळ्यांना पाठ करून द्यायचा: सुटलेलं पोतं पडू द्या. पोतं फाटलं तर बोलणी बसणार नाहीत, हे मालकांच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. तुमच्या शब्दाला तेवढं वजन नाही, राग मानू नका.

झाडूवरून आठवलं. तुमच्या पत्रात बायकांच्या पाठीबद्दल एक ओळही नाही. आखूड झाडूने दिवसभर वाकून झाडणं आणि चुनीची घमेली जमिनीवरून डोक्यावर घेणं हीसुद्धा पाठीचीच मेहनत आहे. त्यांना लांब दांड्याचे झाडू द्या, फावडं द्या आणि घमेलं भरायला कमरेएवढा ओटा. त्यांची कंबर धरली तर त्या रजाही मागत नाहीत, यायच्या थांबतात, आणि दुसरी बाई येते. म्हणून तुमच्या हिशेबात ते कधी दिसलं नसेल.

आता वजन. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमातच लिहिलं होतं की इजा होईल एवढं जड ओझं कोणाला उचलायला लावायचं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुष कामगाराने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ चा, आणि शंभर किलोच्या पोत्याविरुद्ध बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटना वर्षानुवर्षं बोलत राहिल्या. युरियाची गोणी २०१८ मध्ये ५० वरून ४५ किलोवर आली, त्यासाठी कुठलं यंत्र लागलं नाही, निर्णय लागला. तुमच्याकडे शेतमाल अजून शंभर किलोच्या बारदानात येत असेल तर व्यापाऱ्याला सांगा, आम्ही ५० च्या वर घेत नाही. तयार डाळ ५० ऐवजी ३० किलोच्या कट्ट्यात भरता येते. दुकानदारालाही तोच कट्टा सोयीचा पडतो.

पण इथे एक गोम आहे, आणि ती सांभाळली नाहीत तर हमालच तुमच्या विरोधात जातील. मजुरी नगावर असेल तर काय होईल? ३० किलोचा कट्टा आला आणि दर तोच राहिला तर मालक म्हणणार, हलका झाला, दर कमी करा. दर कमी झाला की हमाल पैसे भरून काढायला दुप्पट वेगाने पळणार, आणि थकलेली पाठ हलक्या कट्ट्यालाही धरते. म्हणून दर क्विंटलवर ठरवा आणि बदलाच्या आधी ठरवा, टोळीच्या मुकादमाला समोर बसवून. कट्टे वाढले म्हणजे फेऱ्या वाढल्या, चालणं वाढलं, त्याचा वेळ वाढला. तेव्हा क्विंटलचा दर होता त्यापेक्षा थोडा चढाच द्यावा लागेल. हे आधीच मान्य करा.

एवढं झालं की मग ट्रेनिंगला अर्थ येतो. तेही प्रोजेक्टरवर नको, गाडीच्या फाळक्याशी घ्या. आणि शिकवायला आप्पांना उभं करा. त्यांना ओझं उचलायचं नाही, नुसतं बोलायचं आणि हात दाखवायचा. वीस-पंचवीस वर्षं टिकलेल्या हमालाला जे ठाऊक असतं ते बाहेरच्या ट्रेनरला नसतं: लोखंडी आकडा पोत्याच्या कुठल्या कोपऱ्यात घालायचा, दोघांनी उचलताना हाक कोणी द्यायची, पाठीवर पोतं आलं की पहिलं पाऊल कुठलं. "आमले काय शिकाडतस" म्हणणारे त्यांच्यासमोर असं म्हणणार नाहीत. तुम्ही त्यात चारच गोष्टींची भर घाला. कंबर वळवायची नाही, पावलं वळवायची. एकट्याने जमिनीवरून उचलायचं नाही, दोघांनी द्यायचं, तिसऱ्याने घ्यायचं. पोत्याचे कान, म्हणजे कोपरे, बांधलेले ठेवायचे, म्हणजे पकड मिळते. आणि दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं, त्याची हजेरी जाणार नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, गाडी लागायच्या आधी. एका दिवसाचे दोन तास लोक विसरतात.

भाषेचं लक्षात ठेवा. हंगामात तुमच्याकडे चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्याच्या पाड्यांवरून पावरा, भिल्ल मुलं येत असतील. त्यांना प्रोजेक्टरवरचं किती कळलं असेल? त्यांच्यातलाच जरा जुना झालेला एक मुलगा आप्पांच्या शेजारी उभा करा, तो पावरीत सांगेल. नव्या मुलाला पहिले पंधरा दिवस एकट्याला सोडू नका. जुना हमाल ताकदीवर कमी आणि ढबीवर जास्त काम करतो. नवा मुलगा सगळं ताकदीवर ओढतो आणि जुन्यांसमोर कमी पडू नये म्हणून दुखणं गिळतो.

वेळेचं एक. रात्रभर आडवं झोपलं की मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. उठल्यानंतरचा पहिला तास वाकायला सर्वांत वाईट. उन्हाळ्यात ऊन टाळायला तुम्ही सहालाच काम सुरू करत असाल, ते योग्यच आहे, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो तिथे दुपारी पोती कशी उचलणार? पण साडेपाचला उठलेल्या माणसाला सहाला जमिनीवरची थप्पी फोडायला लावू नका. पहिला अर्धा तास झाडणं, बारदान मोजणं, शिलाईचा दोरा भरणं, अशी कामं द्या. तसंच गाडीची वाट बघत तासभर पोत्यावर पाठ वाकवून बसलेला माणूस गाडी लागताच उठून उचलायला लागतो, तेव्हा त्याची पाठ सैल पडलेली असते. पाच मिनिटं उभं राहून फिरू द्या. गाडीवाला हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

राहिले मालक. त्यांच्याकडे दयेची गोष्ट घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. गेल्या वर्षी दोघांची कंबर धरली तेव्हा किती दिवस बाहेरून हमाल आणला, त्याला किती जास्त दिले, किती गाड्या थांबल्या, त्याचं भाडं किती चढलं, काम सोडून गेलेल्याच्या जागी आलेला मुलगा हाताशी यायला किती हंगाम गेला. हे सगळे आकडे तुमच्याच रजिस्टरमध्ये आहेत. शेजारच्या पानावर काट्याचा खड्डा, दोन लोखंडी ओटे, एक पॅलेट ट्रक, लांब दांड्याचे झाडू यांचा खर्च लिहा. पहिल्याच भेटीत सगळं मागू नका. काटा आणि आप्पांची दीड महिन्याची हजेरी, एवढ्या दोनच गोष्टींवर होकार घ्या. काट्याचं काम अक्षय तृतीयेच्या सुट्टीत होईल. आखाजीला, म्हणजे त्याच सणाला, अर्धी टोळी गावी जातेच, मिल तशीही थंड असते.